आईबाबांना जर्मनीला नेताना

पुणे, संक्रांतीचा दुसरा दिवस

चि. सोनू,

तू पाठवलेला उन्हाळ्याचा बेत सावकाश वाचला. एका महिन्यात स्टुटगार्टला तुझ्या भावाचं घर, पॅरिस, स्वित्झर्लंड, व्हेनिस आणि प्राग. बरोबर माझा दादा म्हणजे तुझे बाबा, तुझी आई, जावईबापू आणि सात वर्षांचं लेकरू. किती मनापासून केलंयस ते दिसतं. तरीही थोरलेपणाच्या हक्काने सांगते, यातली बरीच गावं काढून टाक. दादाचे गुडघे तुला माहीत आहेत, आणि स्टुटगार्टच्या नातवंडांना तो इतकी वर्षं मोबाइलच्या पडद्यावरच भेटतोय. नात शाळेतून कुठल्या रस्त्याने घरी येते, मुलगा कुठल्या खुर्चीत बसून जेवतो, सून दमून घरी आल्यावर आधी काय करते, हे त्याला बघायचंय. त्याला रोज नव्या हॉटेलात बॅग उघडायला लावू नकोस.

आधी तारखा ठरव, आणि त्या वहिनीच्या सोयीने ठरव. तिकडच्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्यात उन्हाळ्याची सुट्टी जुलैअखेर लागते, तेव्हा आपल्याकडे शाळा भरात असते. पण तिथल्या शाळांना मे-जूनमध्ये पेन्टेकॉस्टची दोन आठवड्यांची सुट्टी असते. तिच्या दहा-बारा दिवस आधी पोचलात तर तेवढे दिवस मुलं शाळेत जातील आणि आईबाबा त्या घराला सरावतील. मग सगळे एकत्र मोकळे. त्या दिवसांत तिथे रात्री नऊनंतर सूर्य मावळतो. दादाला आठला जेवून झोपायची सवय आहे, तेव्हा खोलीला जाड पडदे आहेत का ते विचारून ठेव.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि पंधरा दिवस आधीपर्यंत चालतो. पण उन्हाळ्यासाठी अपॉइंटमेंट लवकर संपतात, म्हणून हे काम आत्ताच हातात घे. जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा असतो, म्हणजे तुम्ही जर्मनीकडेच करायचा. मोठ्यांना ९० युरो आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५ युरो फी आहे. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतला हवा, तिथून परत निघायच्या तारखेपुढे किमान तीन महिने चालणारा हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. लेकराचा पासपोर्ट आधी बघ. मुलांचा पाच वर्षांतच संपतो आणि आपल्या ते लक्षात राहत नाही.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट. आईबाबांसाठी तुझा भाऊ तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन हमीपत्र देणार आहे असं तू लिहिलंस. त्या कागदाचा अर्थ नीट समजून घे. पाहुण्यांच्या राहण्याचा, आजारपणाचा खर्च सरकारवर पडला तर तो मी भरीन, असं तो लिहून देतो. दादाला रक्तदाब आहे, तुझ्या आईला साखर. शेंगेन व्हिसासाठी ३०,००० युरोचा प्रवास-विमा लागतोच, पण तेवढ्यावर थांबू नकोस. आधीपासून असलेल्या आजारांतून अचानक काही उद्भवलं तर ही पॉलिसी किती पैसे देते, हे कंपनीकडून लेखी मागून घे. दोन-चार हजार रुपये वाचवायला स्वस्तातली पॉलिसी घेतलीस तर तो भार भावाच्या डोक्यावर जाईल. औषधं हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटात, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचं मूळ रासायनिक नाव लिहिलेलं असू दे. तातडीला ११२ आणि रात्रीबेरात्री साधा डॉक्टर हवा असेल तर ११६११७, हे दोन्ही नंबर दादाच्या फोनमध्ये घालून ठेव.

तिकीट मुंबईहून थेट फ्रँकफर्टचं काढ. विमानतळालाच जोडलेल्या स्टेशनातून स्टुटगार्टची गाडी मिळते, सव्वा तासाच्या आसपास लागतो. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागायची. दादा नको म्हणेल, तरी माग.

बॅगेत काय न्यायचं यावरून तुझ्या आईशी वाद होणार, म्हणून तिला माझं नाव सांग. युरोपात प्रवाशाला दूध-मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. घरचं साजूक तूप, खव्याचे पेढे, श्रीखंड यातलं काहीही नको. ताजा कढीपत्ता नको. हापूसही नको, कारण फळांना तपासणीचं प्रमाणपत्र लागतं. नारळ, केळी, खजूर, अननस यांना मात्र ते लागत नाही. गोडा मसाला, मेतकूट, कैरीचं लोणचं, बाकरवडी खुशाल भरा.

मी लेकीकडे स्टुटगार्टजवळ ब्योब्लिंगेनला राहत असे तेव्हा एक गोष्ट पाहिली. येणारा पाहुणा मजेत असतो आणि घरची बाई हळूहळू थकत जाते. तुझी वहिनी नोकरी करते, कामाला बाई नाही, आणि चार माणसांच्या घरात तुम्ही पाचजण जाणार. त्या भागात जिना आणि दारापुढचा रस्ता झाडायची पाळी भाडेकरूंवर येते. ती भाऊ-वहिनीवर आली की तू हातात झाडू घे, तिने सांगायची वाट बघू नकोस. रात्री दहानंतर मिक्सर लावायचा नाही, रविवारी ठोकठाक नाही. रविवारी दुकानं बंद, म्हणून शनिवारचा बाजार तू आणि जावईबापू करा आणि पैसे तुम्हीच द्या. शेवटच्या दहा दिवसांसाठी तुम्हा तिघांना जवळपास एखादं छोटं घर भाड्याने मिळतं का बघ. भाऊ रागावेल, वहिनी तोंडदेखलं नको म्हणेल, तरी घे. नाती टिकायला मधे एक दार लागतं, असं माझं ठाम मत आहे.

पॅरिस तुम्ही तिघं बघून या. स्टुटगार्टहून थेट गाडीने सव्वातीन तासांत पोचता. तेवढे तीन-चार दिवस आजी-आजोबा नातवंडांबरोबर राहतील. तिकडची मुलं आपसांत जर्मन बोलतात. आजोबांशी बोलायचं तर त्यांना मराठीच लागेल, आणि मधे अर्थ सांगायला मोठं कुणी नसलं तर ती अधिक बोलतील.

दादासाठी एकच जागा आवर्जून ठेव, स्टुटगार्टमधलं मर्सिडीज-बेंझचं संग्रहालय. टाटांच्या टेल्कोने डायमलर-बेंझशी करार केला १९५४ साली, आणि आपल्या ट्रकांवर कितीतरी वर्षं तो तीन टोकांचा तारा होता. दादाने टेल्कोच्या पिंपरीच्या कारखान्यात उमेदीची वर्षं घालवली, ती या ट्रकांच्या गोष्टी ऐकत. तिथे लिफ्टने सर्वांत वर जायचं, १८८६ च्या पहिल्या मोटारीपासून सुरुवात करायची आणि उतरत्या वाटेने खाली यायचं. उतार गुडघ्यांना बाधतो, म्हणून व्हीलचेअर आधीच सांगून ठेव. त्या दिवशी दुसरं काही ठरवू नकोस. नातवाला त्याच्याबरोबर पाठव आणि दोघांना हवा तेवढा वेळ घेऊ दे.

बाकीचे दिवस कागदावर कोरेच राहू देत. आणि तिकिटं काढण्याआधी आज रात्रीच वहिनीला फोन कर. भावाला नको, तिलाच. किती दिवस झेपतील, कुठल्या तारखा अडचणीच्या आहेत, हे तिच्या तोंडून ऐक आणि ती सांगेल तसाच बेत कर.

तुझी
आत्या