पाने गळालेली काटेसावर

प्रश्न : आमच्या बंगल्याच्या बागेत आजोबांनी लावलेली काटेसावर आहे. डिसेंबरपासून तिची पाने गळाली, एक फांदी वाळली आणि तिला एक पक्षी भोके पाडत आहे. झाड मेले असेल तर तोडावे का? – एक वाचक, पुणे

उत्तर : आपली काटेसावर मेली असण्याची शक्यता फार कमी आहे. सावर हा पानझडी, म्हणजे कोरड्या महिन्यांत पाणी वाचवण्यासाठी पाने टाकणारा वृक्ष असून तो जानेवारी ते मार्च या काळात निष्पर्ण फांद्यांवरच फुलतो, त्यामुळे मधुरसाने भरलेली ती लाल, मांसल फुले पक्ष्यांना दुरूनही दिसतात. बुलबुल, मैना आणि एप्रिलच्या सुमारास मध्य आशियाकडे परतू लागणाऱ्या भोरड्या रस पिताना कपाळावर परागकण घेऊन फुलांफुलांत फिरतात. हा सोहळा सकाळी लवकर, थोडे दूर बसून अवश्य पाहावा. खात्रीसाठी कोवळ्या डहाळीची साल नखाने किंचित खरवडावी. आत हिरवा, ओलसर थर दिसल्यास झाड जिवंत आहे. भोके पाडणारा पक्षी बहुधा तांबट असावा, जो मुळातच वाळलेले, मऊ लाकूड कोरून ढोली, म्हणजे घरट्याची पोकळी, करतो. फांदी घरावर वा रस्त्यावर झुकत नसेल तर ती राहू द्यावी. धोका असल्यास, शक्यतो पिल्ले उडून गेल्यावर, ती उतरवता येईल. मात्र महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार खासगी आवारातील झाड तोडण्यासाठीही वृक्ष अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते, म्हणून कुऱ्हाड लावण्याआधी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करावा.