केकवर चॉकलेटचें चित्र कसें उतरवावें

घरीं केलेल्या केकवर नांव अथवा चित्र काढण्याची हौस पुष्कळांस असते. परंतु तो पृष्ठभाग लेखनास मोठा प्रतिकूल. वरचें क्रीम मऊ असतें, हात हालला कीं रेघ बिघडते, आणि ती पुसावयास गेल्यास सगळा थर उकरला जातो. म्हणून चित्र प्रथम एका गुळगुळीत, पारदर्शक प्लॅस्टिकच्या कागदावर चॉकलेटनें काढावें, तें थिजूं द्यावें आणि मग उपडें करून केकवर बसवावें, अशी युक्ति निघाली आहे. बाजारांत कोकोच्या रंगीत लोण्यानें छापलेले तयार कागदही मिळतात. त्यांवर पातळ चॉकलेट पसरलें म्हणजे नक्षी त्याला चिकटून येते. पण त्यांवर आपल्या घरच्या मुलाचें नांव नसतें. म्हणून हातानें काढावयाची रीति येथें देत आहों.

तिचें तत्त्व नवें नाहीं. जर्मनींत सेनेफेल्डर ह्यानें १७९६ च्या सुमारास शिळाछापाचा शोध लाविला, आणि मुंबईस गणपत कृष्णाजी ह्यांनीं १८३१ मध्यें त्याच रीतीनें मराठी पंचांग छापलें. अक्षर कागदावर सुलटें उमटावयाचें तर शिळेवर तें आरशांतल्याप्रमाणें उलटें असावें लागतें. चॉकलेटचेंही तसेंच. तारा किंवा क्रूस ह्यांचीं दोन्ही अंगें सारखीं असल्यामुळें त्यांस कांहीं करावें लागत नाहीं; अक्षरांस मात्र करावें लागतें, आणि देवनागरींत ह्याचा धोका विशेष. ऱ्हस्व वेलांटीचा काना अक्षराच्या डावीकडे, दीर्घाचा उजवीकडे; आरशांत त्यांची अदलाबदल होते. ऱ्हस्वदीर्घ सुधारतां सुधारतां आमची लेखणी झिजली आहे, पण येथें एकदां थिजलेली चूक तांबड्या शाईनें दुरुस्त होत नाहीं. ह्यासाठीं पातळ कागदावर नांव ठळक लिहावें, तो उलटवून खिडकीच्या कांचेवर धरावा, आणि पाठीमागून दिसणाऱ्या रेघा गिरवाव्या. ही गिरवलेली बाजू वर ठेवून तीवर पारदर्शक कागद चिकटवावा.

क्रमही उलटा. जें सर्वांत वर दिसावयाचें तें सर्वांत आधीं काढावयाचें. बेथलेहेमची रात्र काढावयाची असेल तर प्रथम तारा आणि खिडक्यांतला पिवळा उजेड, मग घरांच्या भिंती, आणि शेवटीं सर्वांवरून काळ्या चॉकलेटचें आकाश. चेहरा असेल तर डोळे आधीं, गाल मागाहून.

आतां ज्या ठिकाणीं बहुतेकांचें काम फसतें तें पाहूं. चॉकलेटमधील कोकोचें लोणी सहा निरनिराळ्या स्फटिकरूपांत थिजूं शकतें. त्यांपैकीं पांचवें रूप आपल्याला हवें असतें. तें सुमारें ३४ अंश सेल्सियसला वितळतें, त्याला चकाकी असते, आणि थिजतांना तें किंचित् आकसतें. ह्या आकसण्यामुळेंच चित्र कागदापासून आपोआप सुटतें. चॉकलेट नुसतें वितळवून थंड केलें तर कच्चीं रूपें बनतात. मग तें मऊ व निस्तेज राहतें, कागदाला चिकटून बसतें, आणि कांहीं दिवसांनीं त्यावर करड्या रेघा उमटतात.

हें टाळण्यासाठीं काळ्या चॉकलेटचे दोन भाग गरम पाण्याच्या पातेल्यावर वाटी ठेवून ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवावे. मग वाटी खालीं उतरवून, न वितळवलेला तिसरा भाग बारीक चिरून थोडाथोडा घालीत ढवळावें, व उष्णता ३१ ते ३२ अंशांवर आणावी. त्या चिरलेल्या तुकड्यांतील चांगले स्फटिक विरजणासारखें काम करतात. पांढऱ्या चॉकलेटास शेवटीं २८ ते २९ अंश पुरेत. सुरीच्या टोंकाला लावलेलें चॉकलेट थोड्याच मिनिटांत चकाकीसह थिजलें तर तें साधलें म्हणावें. ह्याचा दुसराही लाभ आहे: आधीं थिजलेली रेघ ३४ अंशांशिवाय वितळत नाहीं, म्हणून ३१ अंशांचें आकाश तीवर ओतलें तरी ती मोडत नाहीं.

बाजारांत ‘कंपाउंड’ नांवाचें चॉकलेट मिळतें. त्यांत कोकोच्या लोण्याऐवजीं दुसरी वनस्पतिजन्य चरबी असल्यानें हा खटाटोप लागत नाहीं. नवशिक्यानें त्यावर हात बसवावा; मात्र चवीला तें मेणचट लागतें, तेव्हां ज्याचा वाढदिवस आहे त्याच्या जिभेचाही विचार व्हावा. कोणत्याही चॉकलेटांत पाण्याचा थेंब पडूं देऊं नये, कारण साखर त्या थेंबाभोंवतीं गोळा होऊन सगळें घट्ट होतें. ह्याच कारणानें पाण्याचा रंग चालत नाहीं. तेलांत मिसळणारा घ्यावा.

पाठीचा थर दोनतीन मिलिमीटर असावा. नाताळच्या दिवसांत दख्खनच्या पठारावर सकाळच्या गारव्यांतच तें थिजतें. कोंकणांत मात्र तें थोडा वेळ फ्रीजमध्यें ठेवावें लागतें. आणि बाहेर काढल्यावर दमट हवेचे बिंदू त्यावर बसूं नयेत म्हणून तें डब्यांत झांकूनच बाहेर काढावें व खोलीइतकें उबदार होऊं द्यावें. नंतर पाटावर उपडें करून कागद चित्रावरून सोलावा. चित्र कागदावरून ओढूं नये. केकवर ठेवतांना सुरीच्या पात्यावर उचलावें, अथवा फक्त कडेला धरावें. हाताची ऊब ३४ अंशांच्या जवळपास असते, आणि बोटांचे ठसे त्या चकाकीवर तत्काळ उमटतात.