वाचन अडते, तेव्हा आधी काय तपासावे?

प्रश्न : मुलगी तिसरीत आहे. ऐकलेली गोष्ट नीट सांगते, पण वाचताना ‘घर’चे ‘धर’ करते, जोडाक्षरांवर थांबते. घरी तेलुगू, शाळा मराठी. डोळ्यांचा दोष की आळस?
– एक पालक, जुळे सोलापूर

उत्तर : गोष्ट ऐकून ती सांगू शकते, म्हणजे समज शाबूत आहे, आळसाचा शिक्का मारू नका. डोळे तपासाच. पण नजर उत्तम असूनही वाचन अडते, कारण त्याचा मोठा भार शब्दातले ध्वनी सुटे करण्याच्या क्षमतेवर असतो. संशोधक ब्रॅडली आणि ब्रायंट यांनी १९८३ मध्ये दाखवले, की ध्वनींचा सराव अक्षरांशी जोडून दिला तर मुले वाचनात पुढे जातात. ‘ते इंग्रजीपुरते, मराठी तर उच्चाराप्रमाणे लिहितात,’ हा आक्षेप अर्धाच खरा आहे. ‘कि’मध्ये वेलांटी आधी दिसते, उच्चार मात्र नंतर, ‘स्त्री’त तीन व्यंजने एकत्र येतात. हे उलगडताना ध्वनींची जाण आणि स्मरणशक्ती दोन्ही पणाला लागतात. घ-ध मुळातच सारखे दिसतात, तेवढ्यावरून निष्कर्ष नको.

दोन भाषांमुळे डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनाशी संबंधित विशिष्ट अध्ययन अक्षमता, होत नाही. मराठी शब्दसंग्रह मात्र तोकडा असू शकतो. म्हणून पहिला ध्वनी काढून शब्द सांगण्याचा खेळ तेलुगूतही घ्या. तिथेही ती अडली, तर केवळ मराठीच्या अपरिचयाला दोष देता येणार नाही, तज्ज्ञांकडे जा. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राची ‘डाली’ ही डिस्लेक्सियाची चाचणी मराठीतही आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश असल्याने निदानानंतर शाळेकडे सवलती मागता येतात.