निबंधलेखनात कल्पना आणि तर्क



शाळा-तपासणीच्या वेळी निबंधाच्या वह्या चाळताना एक गोष्ट वारंवार दृष्टीस पडते. तीस मुलांच्या तीस गाईंना चार पाय, दोन शिंगे व एक शेपूट असते, आणि त्या सर्व एकाच वाक्यात चारा खातात. वास्तविक मुलांच्या घरी खऱ्या गाई असतात. एखादी मारकी असते, एखादी आटलेली असते. परंतु ती गाय वहीत येत नाही. पुस्तकखरेदीसाठी आपल्यापैकी पुष्कळजण पुण्यास बुधवार पेठेत, अप्पा बळवंत चौकात जातात. तेथे उत्तम ग्रंथांप्रमाणे तयार निबंधांचे संग्रहही मिळतात. ते उतरवून काढणाऱ्या मुलास कल्पनाही करावी लागत नाही आणि विचारही करावा लागत नाही. लिहिण्याचा तास झाला, पण लेखन झाले नाही, अशी ही स्थिती होय.

दोन शक्ती

लेखनात मनाच्या दोन शक्ती कामास येतात. एक नवे सुचविते. तिला आपण कल्पना म्हणू. दुसरी सुचलेले पारखते, मागचे-पुढचे जोडते व नको ते गाळते. तिला तर्क म्हणू. कल्पना कवींची व तर्क गणितज्ञांचा, अशी वाटणी पुष्कळजण करतात. मेंदूचा उजवा भाग कल्पनेचा व डावा तर्काचा, असेही हल्ली ऐकू येते. भाषेची काही कामे बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूस अधिक चालतात हे खरे. पण माणसेच 'उजवी' व 'डावी' असतात ह्या समजुतीस शास्त्राचा आधार नाही.

आपल्याकडे हा विचार नवा नाही. दहाव्या शतकाच्या सुमारास राजशेखराने 'काव्यमीमांसा' ग्रंथात प्रतिभेचे दोन प्रकार सांगितले: निर्माण करणारी ती कारयित्री व रसग्रहण करणारी ती भावयित्री. ह्या दोन्ही एकाच ठिकाणी नांदतात की काय, ह्याचीही चर्चा त्याने केली आहे. पाश्चात्त्य देशांत ग्रॅहम वॉलस ह्याने १९२६ साली विचारनिर्मितीच्या चार पायऱ्या वर्णिल्या: तयारी, मुरणे, स्फुरणे आणि पडताळणे. ह्यांत स्फुरणे कल्पनेचे, तर पडताळणे तर्काचे. म्हणजे ह्या दोघी एकमेकींच्या वैरिणी नसून पाळीपाळीने जात्यावर बसणाऱ्या जावा आहेत.

मुक्ता साळवे यांचा निबंध

ह्याचे उत्कृष्ट उदाहरण कोणा थोर ग्रंथकाराचे नसून एका विद्यार्थिनीचे आहे. बुधवार पेठेतील भिडे वाड्यात १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. (तो वाडा राष्ट्रीय स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये उतरविण्यात आला.) पुढे त्यांनी पुण्यात आणखी शाळा काढल्या. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या, मांग समाजातील मुक्ता साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात प्रसिद्ध झाला.

त्या निबंधातील तर्क पाहावा. वेद जर एकाच वर्णाचे, आणि आम्हांस ते पाहण्याचीही मुभा नाही, तर आम्हांस धर्मग्रंथच उरला नाही. आणि ग्रंथ नाही, तर धर्मही नाही. प्रतिपक्षाचेच म्हणणे मान्य करून ते शेवटपर्यंत नेले की ते कोठे जाऊन पोहोचते, हे मुक्ताने दाखविले. आता कल्पना पाहावी. बाळंत होणाऱ्या स्त्रीच्या डोक्यावर छप्पर नाही, थंडी-वारा-पाऊस आत येतो, हे चित्र ती उभे करते, आणि वाचकास आपल्या अनुभवावरून त्या दुःखाचा अदमास घेण्यास सांगते. केवळ तर्क असता तर निबंध वाद ठरला असता. केवळ चित्र असते तर विलाप ठरला असता. दोन्ही असल्यामुळे तो आज पावणेदोनशे वर्षांनीही वाचकास उत्तर मागतो.

जोतीरावांच्या लेखनातही हेच दिसते. 'तृतीय रत्न' ह्या १८५५ मधील नाटकात भोळ्या शेतकरी दांपत्याची जोशी कसा फसवणूक करतो ते पात्रांच्या तोंडून कळते. १८८३ मधील 'शेतकऱ्याचा असूड' ह्या ग्रंथात शेतकऱ्याच्या दैन्याची कारणे एकामागून एक मांडलेली आहेत. जिव्हाळा एकच, वाटा दोन.

अलीकडचे उदाहरण शास्त्रज्ञाचे आहे. जयंत नारळीकर यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेस 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप ह्या नावाने पाठविली. आपल्या आद्याक्षरांचा क्रम त्यांनी उलटा केला होता. कथेस पहिले पारितोषिक मिळाले. कृष्णविवराजवळ घड्याळ संथ चालते, एवढे गणित सांगते. तेथून परतलेल्या माणसास घरी कोण भेटेल, हा प्रश्न पडावयास कथाकारच हवा.

वर्गातील पाठ

इयत्ता चौथी, विषय: 'आमच्या गावचा ओढा', कालावधी: दोन तासिका, दोन वेगळ्या दिवशी.

पहिला दिवस कल्पनेचा. ओढ्यावर पाहिलेले, ऐकलेले, मनात आलेले सर्व मुलांनी लिहावे. शुद्धलेखनाच्या चुका ह्या दिवशी काढू नयेत. तांबडी शाई कपाटात ठेवावी.

दुसरा दिवस तर्काचा. प्रत्येक मुलाने आपलेच लेखन तीन प्रश्नांनी तपासावे: हे खरे आहे काय? हे ह्याच्यानंतर का आले? न पाहिलेल्यास हे दिसेल काय? शुद्धलेखन ह्याच दिवशी पाहावे, आणि येथे मात्र शिक्षकाने सवलत देऊ नये.

समजा, एका मुलीने लिहिले, 'होळीनंतर आमचा ओढा आजोबांसारखा गप्प होतो.' हे वाक्य खोडू नये. दुसऱ्या दिवशी तिला विचारावे, 'गप्प का होतो? मग पाणी कोठून आणता?' ती सांगेल की पाणी आटते, आई दूरच्या विहिरीवर जाते, हंडा दुसऱ्या खेपेस निम्माच भरतो. पुढे तीच लिहील की ओढ्यावर बंधारा हवा. उपमेपासून आरंभ झालेला निबंध मागणीपर्यंत आला, आणि दोन्ही तिची स्वतःची.

एक सावधगिरी

ह्या दोन दिवसांची सरमिसळ करू नये. सुचत असतानाच चुका दाखविल्या तर मूल पुढे चुकणार नाही अशीच वाक्ये लिहिते, आणि अशी वाक्ये तयार संग्रहात भरपूर असतात. उलट पहिल्या दिवसाचे लेखन तसेच सोडून दिले, तर आपले म्हणणे दुसऱ्यास पटवून देण्याची शक्ती मुलास येत नाही. ज्यांच्या घरी लिहिण्याची परंपरा नाही, त्या मुलांचे ह्यात अधिक नुकसान होते. कारण त्यांचे दुःख त्यांच्याऐवजी दुसरा कोणी लिहावयास येत नाही.

येत्या केंद्र-संमेलनास प्रत्येक शिक्षकाने ह्या पाठाच्या पाच वह्या, दोन्ही दिवसांच्या लेखनासह, आणाव्यात. सर्वांत स्वच्छ वही आणण्याचे कारण नाही. जीत ओढा वाहताना दिसतो ती आणावी.