कापडी अस्वलाचा डोळा

गतवर्षी आपल्या हस्तव्यवसायाच्या वर्गाने आनंदमेळाव्यात विकण्यासाठी कापडी अस्वले शिवली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांकरिता चकचकीत काळी बटणे मीच निवडली होती. त्यांतील एक अस्वल एका वर्षाच्या बाळाकडे गेले. चौथ्या दिवशी त्याचा एक डोळा बाळाच्या मुठीत आढळला. मूठ तोंडाशी जाण्यापूर्वी ती आईच्या दृष्टीस पडली, हे आमचे सुदैव. चूक सर्वस्वी माझी; म्हणून हा पाठ.

बटणांची प्रथा तशी जुनी. १९०२ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी मिसिसिपीच्या रानात बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडण्याचे नाकारले. क्लिफर्ड बेरीमन यांनी त्या प्रसंगाचे व्यंगचित्र काढले, आणि ब्रुकलिनच्या मिचटम दांपत्याने कापडी अस्वल शिवून दुकानात मांडले. रूझवेल्टांच्या ‘टेडी’ या नावाने ते जगभर गेले. आरंभीच्या अशा अस्वलांना बुटाची बटणेच डोळे म्हणून लावीत.

आपल्या देशात खेळण्यांच्या गुणवत्तेविषयीचा आदेश २०२० साली निघून १ जानेवारी २०२१ पासून अमलात आला. चौदा वर्षांखालील मुलांची खेळणी विकावयाची तर त्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह हवे. हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. परंतु केवळ हाताने शिवले म्हणून ती आपोआप मिळत नाही. आपली नोंदणी नाही. सबब यंदाची अस्वले विक्रीस नसून घरच्या भावंडांसाठी आहेत. चिन्हातून सूट मिळालेल्या कारागिरालाही बाळाच्या घशाचा विचार चुकत नाही, असे मला वाटते.

मानकातील परीक्षा मात्र आपण समजून घेऊ. ३१.७ मिलिमीटर व्यासाचे एक नळकांडे असते. त्याचा तळ तिरपा असून खोली २५.४ पासून ५७.१ मिलिमीटरपर्यंत वाढत जाते. सुटलेला तुकडा न दाबता त्यात पूर्ण मावला, तर तो तीन वर्षांखालील बाळास घातक समजतात. आपले बटण त्यात सहज मावते. सहा मिलिमीटरांहून मोठा भाग ९० न्यूटन बलाने दहा सेकंद ओढला तरी निघता कामा नये; शिवणीची कसोटी ७० न्यूटनांची. ९० न्यूटन म्हणजे सुमारे नऊ किलोंचा भार. आम्ही उरलेल्या एका अस्वलाच्या डोळ्याला बादली टांगून तीत हळूहळू पाणी ओतले. बादली अर्धीही भरली नाही, तोच दोरा तुटला! ही काही प्रयोगशाळेची चाचणी नव्हे. पण पुढे कोणी वादच घातला नाही.

यंदा डोळे काळ्या सुती दोऱ्याने भरले आहेत. पोटातील कापूस नवा, स्वच्छ आणि विंचरून पाहिलेला. टाचण्या मोजून देतो नि मोजून घेतो. परवा बारा दिल्या, अकरा परत आल्या. घंटा झाली तरी कोणी जागचे उठले नाही; शेवटी एका अस्वलाची पाठ उसवली, तेव्हा बारावी सापडली.