मातीतील बीजपेढी : तणांचा जमाखर्च

वखरून स्वच्छ केलेले रान पहिल्या पावसानंतर आठवड्याभरातच हिरवे दिसू लागते. पिकाचे कोंब वर येण्यापूर्वीच तणांनी जागा धरलेली असते. हे बी कोणी पेरलेले नसते. ते मातीत आधीपासून साठलेले असते. या साठ्याला कृषिशास्त्रात ‘बीजपेढी’ म्हणतात. पेढी म्हटली की जमा आणि खर्च आलेच. तणनियंत्रण हा खरे पाहता याच खात्याचा हिशेब होय.

जमेची मुख्य बाजू म्हणजे उभ्या तणावरून गळणारे बी. गाजरगवताचे एक झाड हजारो बिया देते. ज्वारीच्या मुळांवर जगणाऱ्या टारफुल्याचे बी तर धुळीसारखे सूक्ष्म असून एका रोपापासून ते हजारोंच्या संख्येने पडते. अर्धवट कुजलेले शेणखत, पाटाचे पाणी, अवजारे आणि भेसळयुक्त बियाणे यांतूनही खात्यात भर पडते.

खर्चाच्या वाटा तीन : काही बी उगवते, काही कुजते, तर काही मुंग्या, भुंगेरे व पक्षी खातात. परंतु एका हंगामात उगवणारे बी हे बहुधा एकूण साठ्याचा लहानसा हिस्सा असते. उरलेले सुप्तावस्थेत वाट पाहते. ही मुदत किती दीर्घ असू शकते, हे पाहण्यासाठी अमेरिकेतील मिशिगन येथे विल्यम जेम्स बील यांनी १८७९ मध्ये विविध वनस्पतींचे बी वाळूत मिसळून वीस बाटल्यांत पुरले. २०२१ मध्ये काढलेल्या बाटलीतील काही बियांना १४२ वर्षांनंतरही कोंब फुटले! सर्वच तणे इतकी चिवट नसतात. अनेक गवतांचे बी काही वर्षांतच निर्जीव होते.

अनेक तणांच्या बियांना उगवण्यासाठी प्रकाशाचा इशारा लागतो. मशागतीच्या वेळी क्षणभर मिळालेला प्रकाशही काहींना पुरतो. त्यामुळे खोल नांगरट दुधारी ठरते : वरचे बी खाली गाडले जाते आणि पूर्वी गाडलेले वर येते.

याच स्वभावाचा उपयोग शेतकऱ्याला करून घेता येतो. पेरणीपूर्वी तण उगवू द्यावे आणि उथळ वखरपाळी देऊन ते मोडावे. म्हणजे वरच्या थरातील साठा पिकाविना खर्ची पडतो. टारफुल्याचे बी मुळांतून पाझरणाऱ्या विशिष्ट द्रव्याविना उगवत नाही. असे एक द्रव्य, स्ट्रायगॉल, १९६६ मध्ये कापसाच्या मुळांपासून वेगळे करण्यात आले. कापसाच्या रानात टारफुला उगवतो, पण त्याला कापसावर पोसता येत नाही, म्हणून मरतो. ज्वारीनंतर कापूस घेण्याच्या फेरपालटीमागे हेही एक शास्त्रीय कारण आहे.

सर्वांत मोठी गफलत मात्र हंगामाच्या अखेरीस होते. पीक उंच झाल्यावर मागाहून उगवलेले तण त्या वर्षीचे उत्पन्न फारसे घटवत नाही. म्हणून ते सोडून दिले जाते. मजुरी वाचल्याचे समाधान मिळते. परंतु तीच झाडे फुलावर येऊन बी टाकतात आणि पुढील अनेक हंगामांच्या निंदणीचा खर्च मातीत जमा करून जातात. शेतातील आणि बांधावरील तण फुलण्यापूर्वी उपटणे हाच या खात्यातील जमा रोखण्याचा सर्वांत स्वस्त उपाय होय.