आधी दार मोजा!

जर्मन गाड्यांच्या 'एन' स्केलमध्ये (१:१६०) दोन रुळांतलं अंतर असतं फक्त ९ मिमी. टेबल अरुंद असलं की रुळांमागे अख्खी इमारत मावत नाही. मग एक-दोन सेंमी जाडीचे दर्शनी भागच उभे करायचे.

निवडताना उंचीवर जाऊ नका, दार मोजा. २.१ मीटरचं दार १३ मिमी भरलं पाहिजे. मागच्या रांगेला मी मुद्दाम 'झेड' स्केलची (१:२२०) घरं घेतो. तिथे तेच दार साडेनऊ मिमी होतं आणि गाव दूरवर पसरल्यासारखं वाटतं. मागचे रंग फिके हवेत, छापील सावल्या खोलीतल्या दिव्याशी जुळायला हव्यात. हे जमलं नाही, तर कितीही सुबक गाडी शेवटी खेळणंच दिसते.